उंबऱ्याशी टेकलेला गुडघा

त्या गल्लीत मागणी घालायला आलेला मुलगा मुलीच्या उंबऱ्याशी गुडघा टेकायचा. ही रीत लादीवाल्याच्या बापाने पाडली म्हणतात, म्हणून लादीवाला तिला जिवापाड जपायचा. त्याच्या लेकीला मागायला आलेला वेल्डर मात्र सरळ खुर्चीत बसला.

"गुडघा टेक, नाहीतर चालता हो!" लादीवाला कडाडला.

"काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग दुसरा टेक!"

कोपऱ्यात बसलेली लादीवाल्याची म्हातारी मावशी फिसकन हसली. "अरे, तुझ्या बापाने कुठली मागणी घातली? तो आमच्या उंबऱ्यापुढची लादी बसवत होता. ते काम काय उभ्याने होतं? लग्नाचं तुझ्या आईनेच विचारलं. त्याच्या हातातली थापी गळून पडली. शेजारणींनी लांबून पाहिलं आणि उलटंच गावभर केलं."

लादीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. "आईने विचारलं? आमच्या आईने?"

"तर! त्याच्या भरवशावर राहिली असती तर तू जन्मलाच नसतास."

लेक उठून वेल्डरसमोर उभी राहिली. "बाबा, मग मी विचारू?"

लादीवाल्याने कशीबशी होकारार्थी मान हलवली आणि उंबऱ्यावर मटकन बसला.