अक्षता टाकताना

सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी आता विसरलो आहे. हे एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. गंमत अशी, की त्यात ना खून होता ना दरोडा.

दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी नाशिकला द्वारका चौकाच्या बाजूच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती. एका रविवारी दुपारी मंगल कार्यालयातून फोन आला, की वरच्या मजल्यावरच्या नवरीच्या खोलीतली दागिन्यांची पिशवी गेली. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी नवरीच्या मावशीने ती पाहिली होती. अक्षता पडल्यावर वर गेली, तर पिशवी नाही.

कार्यालयाच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "साहेब, भांडी घासणाऱ्यांतला एक जण सकाळी त्या जिन्यापाशी घुटमळत होता." एवढी खबर मला पुरली. माणूस पेठ तालुक्याकडचा होता, हंगामात मिळेल त्या कामाला शहरात येणारा. त्याला ठाण्यात आणलं. त्याची बायकोही त्याच कामावर होती. ती मागोमाग चालत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

"मंगलाष्टकं चालू असताना कुठं होतास?"

"अक्षता टाकीत होतो साहेब."

मी हसलो. भांडी घासणाऱ्याला अक्षता टाकायला कोण बोलावतं? मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो एकच सांगत राहिला, "फोटूवाल्यानं आमच्याकडं तोंड करून फोटू काढलं. त्यात दिसंल."

रात्रभर तो कोठडीत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. पोलीस कोठडी मागायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. तरी सकाळी फोटोग्राफरला बोलावलं. विशीतला, नांदगावचा मुलगा. त्याचा कॅमेरा डिजिटल होता आणि तो त्याला अंड्यासारखा जपत होता. कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा. त्यात गर्दीतलं तोंड ओळखू येईना. फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघायचं ठरलं.

ठाण्याला नवाच कॉम्प्युटर मिळाला होता. दुपारी धूळ बसू नये म्हणून आमचे एक हवालदार त्याच्यावर टॉवेल टाकत असत. फोटोग्राफरने वायर जोडली. काहीच झालं नाही. त्याने कॅमेरा बंद करून परत चालू केला, बटण फोटो बघायच्या खुणेवर आणलं, सीडी घालून ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. पडद्यावर कॅमेऱ्याचं नावनिशाण नाही.

"लॅबमध्ये नेऊन आणतो ना साहेब, दहा मिनिटांत."

"पुरावा ठाण्याबाहेर जाणार नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्याचाच संशय येऊ लागला होता. "फोटो उडवलेस ना? किती मिळाले?"

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल रात्री घरी हेच फोटो याच वायरने बघितले साहेब. माझ्याकडून काही बिघडलेलं नाही. तुमचं पोर्ट एकदा बघा."

आमचं पोर्ट बघ, असं पोलिसाला सांगायला धाडस लागतं. मी चिडलोच. पण हवालदारांनी बॅटरी घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि खाली वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "यात तांदूळ अडकलाय."

दसऱ्याला आम्ही ठाण्यातल्या शस्त्रांची पूजा करतो. त्या वर्षी हवालदारांनी कॉम्प्युटरचीही केली होती. ओलं कुंकू आणि अक्षता समोरच्या त्या छोट्या फटीत गेल्या आणि तिथंच वाळल्या. तेव्हापासून तिथं कुणी काही जोडलंच नव्हतं. फोटोग्राफरने आधी मशीन बंद करायला लावलं. मग केस-पेपरची टाचणी काढून त्याने एकेक दाणा उचकला आणि फुंकर मारून कुंकू उडवलं. वायर पुन्हा जोडली. कॉम्प्युटर टुंग वाजला आणि फोटो एकामागून एक उतरू लागले.

मंगलाष्टकांच्या प्रत्येक फोटोत तो होता. मागे, भटारखान्याच्या दारात, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, उजवा हात वर. शेजारी त्याची बायको. दोघंही नवरीकडे बघत होते.

मला शरम वाटली. मी मुलीकडच्यांना फोन करून त्यांचं सगळं सामान तपासायला लावलं. तासाभरात उत्तर आलं. कुणीतरी जपून ठेवायची म्हणून पिशवी रुखवताच्या टोपलीत, लाडवांच्या डब्याखाली ठेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधी टोपली बघायला मी सांगितलं नव्हतं, कारण ती घरच्यांची होती.

कोर्टात तसा अहवाल दिला आणि तो सुटला. ठाण्यात परत आल्यावर मी त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. मी विचारलं, "तुला कुणी अक्षता दिल्या होत्या?"

"कुणी नाय दिल्या. भटारखान्यातलंच तांदूळ घेतलं," तो म्हणाला. "पोरीचं लगीन लागताना हात रिकामा ठेवू नाय साहेब."

पुढे कितीतरी चौकशा केल्या. दुसऱ्याला खोटा ठरवण्याआधी आपलं पोर्ट तपासावं, हे मी नव्या पोरांना हसत हसत सांगायचो. ते हसायचे. बाकावर रात्र काढलेल्या त्या बाईबद्दल मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. जाताना तिने फोटोग्राफरला एवढंच विचारलं होतं, की आम्हा दोघांचा फोटू मिळंल का. तिच्याकडे त्या दोघांचा एकही फोटो नव्हता.