एक डोळा मोठा असलेली हिलमन

उदगीरच्या गुरुबसप्पाला जुना फोटो दाखवा, गाडी कोणती ते सांगून मोकळा! लग्नाच्या फोटोत नंबरप्लेट हमखास हाराखाली गेलेली. हा बघणार चाकाची टोपी, दाराची कडी, दार पुढून उघडतं की मागून. चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, थट्टा नव्हे. आता गॅरेज बंद, पण मोबाईलवर लोहा-नायगावपासून फोटो येतात. लोह्याच्या व्यंकटरावांनी "आमच्या आजोबाची मोटार" म्हणून मोठ्या ऐटीत एक पाठवला, तर यानं कळवलं, "शेव्हर्ले हाय, पण भाड्याची. टपावर सामानाची जाळी हाय बघा." व्यंकटराव महिनाभर बोलले नाहीत.

पण गाडी हे निमित्त. खरं तर तो ड्रायव्हर शोधायचा. त्याचा बाप एका आडत्याच्या काळ्या हिलमन मोटारीवर ड्रायव्हर होता. पोरगं दोन वर्षांचं असताना कावीळ होऊन गेला. घरात त्याचा एकही फोटो नाही. फोटो निघायचे मालकाचे; ड्रायव्हरला "जरा बाजूला हो रे" म्हटलं की झालं! एकाहत्तरी आली तरी गुरुबसप्पाला बापाचं तोंड ठाऊक नव्हतं, आणि ते बघितल्याशिवाय मरायचं नव्हतं.

हाताशी खूण एकच. म्हशीला धडकून हिलमनचा डावा दिवा फुटला, तेव्हा बापानं तिथं लॉरीचा दिवा बसवला होता. "एक डोळा मोठा होता रे तिचा," म्हणत आई मल्लम्मा हसायची. "आन् तू तर त्याच्या कडेवरून उतरायचा न्हाईस. ड्युटीवर बी न्यावं लागायचं तुला."

परवा मुखेडच्या उज्वलाताईंनी आपल्या आजोबांच्या लग्नाचा फोटो पाठवला. गुरुबसप्पा बघतो तर गाडीचा डावा डोळा मोठा! त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. नवरा, नवरी, वऱ्हाडी... ड्रायव्हर कुठंच नाही. पण अगदी कडेला, मडगार्डवर, एक खाकी बाही टेकलेली.

त्यानं तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला. "ताई, फ्रेम उघडा. हात जोडतो."

"अहो काका, सत्तर वर्षांची फ्रेम ती..."

"उघडा हो!"

मागचे खिळे निघाले. फ्रेम लहान पडली म्हणून कुणा भल्या माणसानं फोटो कापला नव्हता, दुमडला होता. उज्वलाताईंनी घडी हळूच उलगडली आणि फोटो मोबाईलसमोर धरला.

खाकी कपड्यातला उंच माणूस. घडी नेमकी तोंडावरून गेलेली. तिथला कागद झिजून पांढरा पडला होता. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही.

"काका, चेहरा न्हाई राहिला हो."

गुरुबसप्पाच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसता पुसता त्यानं विचारलं, "कडेवर पोरगं हाय का ते?"

"हाव. दीडेक वर्षाचं. सगळे कॅमेऱ्याकडं बघून राहिले, हे एकटंच त्या माणसाच्या तोंडाकडं बघून राहिलं."

गुरुबसप्पानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "म्हणजे बघितलं होतं की मी त्याला. इतक्या जवळून बघितलं होतं, ताई. आन् एवढं बी ध्यानात ठेवलं न्हाई."