मुंगळ्यांचं पुस्तक

त्या वर्षी मी शाळेतल्या सगळ्या सहकाऱ्यांना घरच्या केशर आंब्याची एकेक पेटी दिली होती. वडिलांनी लावलेली बेचाळीस झाडं करकंबच्या शिवारात, ओढ्याच्या काठाला आहेत. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. शाळा टेंभुर्णीला, झाडं करकंबला, म्हणून माझी शेती शनिवार-रविवारची. सोमवारी मधल्या सुट्टीत एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आंबा गोड होता हो, पण आत अळ्या निघाल्या." मग दुसऱ्यांनी सांगितलं. काहींनी काहीच सांगितलं नाही, ते जास्त लागलं.

फळमाशी. वरून फळ सोन्यासारखं, चिरलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. मी फवारण्या केल्या होत्या, सापळे टांगले होते. फवारणारा माणूस शनिवारीच मिळेल असं नसतं आणि माशी काही माझ्या सुट्टीची वाट बघत नाही.

दिवाळीनंतर बागेत मेंढ्या बसवल्या. सांगोल्याकडचं एक धनगराचं कुटुंब दरवर्षी नदीकाठाला येतं. मेंढ्या रात्रभर झाडांखाली बसल्या की लेंडीखत आपोआप पडतं. दिवसभर माणसं मेंढ्यांमागं जायची आणि बिऱ्हाडाजवळ एक साठी उलटलेली बाई राहायची. तिला मी मावशी म्हणायचे. ती मला 'बाई' म्हणायची, शाळेतली म्हणून.

बांधाला एका आंब्यावर तांबड्या मुंगळ्यांचं घर होतं. हिरवी पानं पांढऱ्या धाग्यानं शिवून केलेला नारळाएवढा गोळा. हे मुंगळे चावले की आग होते. मी काठीला चिंधी बांधून, रॉकेलमध्ये बुडवून तो गोळा जाळायला निघाले, तशी मावशी चुलीपासून उठून आली.

"बाई, जाळू नगा. माशीचं औषीद हाय ते."

"कसलं औषध?"

"ह्ये ज्या झाडावर, त्या झाडाच्या फळाला माशी बसत न्हाय. बसली तर ह्ये तिला सोडत न्हाईत. माझा बाप पाटलाच्या आमराईची राखण करायचा. त्यानं समदी आमराई ह्यांच्यावर राखली हुती."

खरं सांगायचं तर मी तिचं ऐकलं ते विश्वास बसला म्हणून नाही. माझ्याकडे दुसरा काही उपाय उरला नव्हता.

पुढच्या तीन रविवारी आम्ही दोघींनी मिळून ते काम केलं. म्हणजे केलं तिनं, मी पोतं धरलं. पहाटेच्या थंडीत मुंगळे सुस्त असतात. तिनं हातांना चुलीतली राख चोळली, ओढ्याकाठच्या एका थोरल्या जांभळावरचे गोळे फांदीसकट कोयत्यानं उतरवले आणि पोत्यात सोडले. दुसऱ्या एका जांभळावरही गोळे दिसत होते. मी म्हटलं, तेही घेऊ. ती म्हणाली, "न्हाय. ती येगळी भावकी. एका जागी आनली तर मारून मरतील." मग तिनं फांद्या आमच्या झाडांना टांगल्या आणि एका झाडावरून दुसऱ्यावर काथ्याची दोरी बांधली, मुंगळ्यांना खाली न उतरता जाता यावं म्हणून. बाजारातून मी सुकट आणली. ती झाडाच्या बेचक्यात ठेवायची, शेजारी करवंटीत गुळाचं पाणी. "नव्या घरात आल्यात, चार दिस पावनचार करायचा," असं म्हणून हसायची. फवारणी पूर्ण बंद करायला लावली. मोहराच्या वेळी माझा धीर सुटला होता, तेव्हा तिनं मला जवळजवळ दटावलं.

मे महिन्यात आंबा उतरवला. उतरवणाऱ्यांना मुंगळे कडकडून चावले, त्यांनी मला चार शिव्या दिल्या. पण मी फळ चिरत गेले, एकामागून एक, आणि ते स्वच्छ निघत गेलं. पूर्ण बागेत किडकं फळ निघालं नाही असं नाही, पण निघालं ते वेचून बाजूला ठेवण्याइतकंच. सुट्टी असली तरी शाळेतल्या सगळ्यांना पुन्हा पेट्या पोचवल्या. ह्या वेळी सगळ्यांनी आपणहून सांगितलं, आंबा छान निघाला.

ही गोष्ट कुणीतरी कृषी खात्यातल्या एका साहेबांच्या कानावर घातली. ते बाग बघून गेले आणि जूनच्या सुरुवातीला एका मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा होता तिथं त्यांनी मला बोलायला बोलावलं. मावशीचं बिऱ्हाड तेव्हा जवळच्याच रानात होतं. मी तिला म्हटलं, "चला की माझ्याबरोबर." ती नवं लुगडं नेसून आली. मी तिला गाडीत पुढं बसवलं. म्हणजे मला तिचा विसर पडला होता, असंही म्हणता येत नाही.

साहेबांनी माझी ओळख करून दिली. अभ्यासू शिक्षिका, प्रयोगशील शेतकरी. शाल, नारळ. मग माईक माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "मॅडम, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

बायकांच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर मावशी बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती. समोरच्या रांगेत बुटात पाय आवळून बसलेले मोठे बागायतदार होते. 'एका मेंढपाळ बाईनं सांगितलं' हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मला वाटलं, हे लोक हसतील. अभ्यासू शिक्षिका म्हणून आत्ताच टाळ्या वाजवल्यात, त्या परत घेतील.

मी म्हटलं, "वाचनातून."

एकच शब्द. त्यानंतर मी वीस मिनिटं बोलले. राख, दोरी, सुकट, गुळाचं पाणी, थंडीतली वेळ, सगळं तिचं, माझ्या शुद्ध मराठीत.

परतताना मावशी गाडीत पुन्हा पुढं बसली. मी मनात उत्तरं जुळवत होते. तिनं जाब विचारला तर असं म्हणू, तसं म्हणू. मग ती म्हणाली, "बाई, त्या पुस्तकात दोराचं पन लिवलंय का हो?"

मी तिच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. तिचा चेहरा उजळला होता.

"मला वाटायचं, ह्ये आमच्या बापालाच ठावं. आडानी मानूस, लोक त्याला मुंगळ्या म्हनून चिडवायचे. आन त्येचं समदं पुस्तकात हाय व्हय!"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. गाडीत आम्ही दोघीच होतो, तिथं कुणी हसणार नव्हतं. मी म्हटलं, "हो मावशी, लिहिलंय."

स्टेजवरचं खोटं एक वेळ भीतीपोटी निघालं म्हणेन. ह्याला माझ्याकडे नाव नाही.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "ते पान दावा की. वाचता येत न्हाय, पर चित्र आसंल तर बघीन." मी म्हटलं, पुस्तक शाळेत राहिलं. त्याच्या पुढच्या वेळी म्हटलं, एका बाईंनी वाचायला नेलंय. ती दर खेपेला विचारायची, तगादा म्हणून नाही, लेकीच्या लग्नाचे फोटो मागावेत तशी. बिऱ्हाडावर गेले की तिची सून मला सांगायची, "आत्याबाई समद्यास्नी सांगत्यात, आमच्या बापाचं पुस्तकात हाय म्हनून."

आणि मी काय करायला निघाले होते तेही सांगते. मी एक वही भरली, तिनं सांगितलेलं सगळं त्यात उतरवलं आणि टेंभुर्णीत टायपिंगच्या दुकानापर्यंत गेले. छापून, बांधून आणायचं, मधे एखादं आंब्याचं चित्र घालायचं आणि 'हे बघा पुस्तक' म्हणून तिच्या हातात द्यायचं. तिला वाचता येत नव्हतं, ह्याचाच मी आधार घेतला होता. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, लेखकाचं नाव काय टाकू?" मी वही काढून घेतली आणि बाहेर आले.

त्या वर्षी लांबलेला पाऊस आता तोंडावर आला होता. मेंढरं परत सांगोल्याकडे निघणार होती. मी शाळेतून तशीच बिऱ्हाडावर गेले. मावशी भाकरी थापत होती.

"मावशी, पुस्तक नाहीये."

"परत न्हाय दिलं व्हय त्या बाईनं?"

"तसं नाही. पुस्तक नव्हतंच. मी फक्त तुमचं ऐकून केलं. तिथं स्टेजवर खोटं बोलले, मग गाडीत तुमच्याशीही खोटं बोलले."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"म्हंजी पुस्तकात न्हाय?"

"नाही."

"कुटंच न्हाय?"

"असेलही कुठंतरी. मी पाहिलेलं नाही."

मी बोलणी खायला आले होते. चार माणसांत ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "मी भावाला फोन केला हुता, बाई. त्यो रडला. म्हनला, बापाला लोकांनी हसून घालवलं, आता बरं झालं. त्येला आता काय सांगू?"

मी वाकून तिच्या पायाला हात लावायला गेले, तर तिनं पाय मागं घेतले. "नगा, चूल हाय हितं, पदर भाजंल." मग भाकरी उलटून म्हणाली, "तुमी वाचलं म्हनला, त्येचं मला काय वाटलं न्हवतं. शिकलेल्या हायसा, वाचलं आसंल. पर गाडीत हो म्हनायचं न्हवतं."

मी साहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, प्रयोग यशस्वी झाला ना?" दिवाळीच्या आधी पुन्हा एक मेळावा होता. मी स्वतःहून वेळ मागितली आणि माईकवर सगळं सांगितलं. हे मेंढपाळ बाईचं आणि तिच्या वडिलांचं ज्ञान आहे, मागच्या वेळी मी खोटं बोलले. कुणीही हसलं नाही. उलट सभागृहात जोरात टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, दुसऱ्याला श्रेय द्यायला मोठं मन लागतं. आणि मला दुसरी शाल दिली. मी ती घेतली. नको म्हणायचं सुचलं नाही की धीर झाला नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर मावशीच्या मेंढ्या माझ्या बागेत आल्या नाहीत. ओढ्यापलीकडच्या बागेत बसल्या. एका रविवारी मी ओढा ओलांडून गेले. तिनं घोंगडं टाकून बसायला दिलं, चहा दिला, पावसाची चौकशी केली. तिथल्या झाडांवरही काथ्याच्या दोऱ्या बांधलेल्या दिसत होत्या. मी तिला मेळाव्यातलं सांगितलं. मी तुमचं सांगितलं, तुमच्या वडिलांचंही सांगितलं.

"नाव घेतलं का त्येंचं?" तिनं विचारलं.

मी ते घेतलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं. वर्षभर 'तुमचे वडील, तुमचे वडील' करत होते. वहीत राख किती आणि सुकट किती हे लिहिलं होतं, पण त्यांचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं सावकाश सांगितलं, गावासकट, पाटलाच्या आमराईसकट. मी लिहून घेतलं. हे कुठं छापून आणलं तर चालेल का, असं विचारलं. ती म्हणाली, "भावाला इचारून सांगते."

अजून तिचा निरोप आलेला नाही, म्हणून ते नाव इथं लिहिलेलं नाही.