नवख्यासाठी राखून ठेवलेली चूक

"ताई, पहिल्यांदाच करतेय, हे प्रोजेक्ट घेऊ?" ऑफिसातल्या मेघनाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मराठी टायपिंगचं ते मोफत, कुणीही दुरुस्त करू शकेल असं खुलं सॉफ्टवेअर माझ्या मित्राचं, सुधीरचं. पाच मिनिटांत सुधारता येणाऱ्या चुका तो मुद्दाम नवख्यांसाठी राखून ठेवायचा. एक अजून शिल्लक होती. तिच्या नोंदीखाली पूर्वी कुणीतरी विचारलेलं, "मला जमेल का?" त्यावर सुधीर: "सावकाश करा. मी इथेच आहे."

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. गेलेल्या माणसाच्या चपला कुणीतरी उचलून ठेवतं; असं वाक्य कोण उचलणार?

उत्तर देणारं कुणी असेल तिथेच सुरुवात करावी, हे मी सगळ्यांना सांगते. मेघनाला सांगवेना. तिने सुधीरच्या उत्तराखाली लिहिलं, "मी करून बघू?"

आणि सगळं ठाऊक असून मी उत्तराची वाट बघत बसले.