दादानं लिहिलेली ओळ

दीपाला रडताना कुणी पाहिलं नाही, ही गोष्ट दारव्ह्याच्या त्या गल्लीत बरीच चघळून झाली होती. भाऊ गेला तेव्हा नाही, नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला नाही, त्यानंतरही नाही. बायांना याचं फार पडलेलं. आता नाही आलं रडू एखादीला, तर तिनं काय कांदा घेऊन बसावं? तिला आतून काही लागतच नव्हतं. सकाळी उठायचं, बाजाराच्या रस्त्यावरच्या संस्थेत जायचं, कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि गेलेल्या माणसांची नावं टाकायची.

कापसानं घरंच्या घरं बसवली, त्या दिवसांतली ही गोष्ट. दोन हजार सहाचा मे. इंदुताईंची संस्था लहान, तीन खुर्च्यांची. ज्या घरातल्या कर्त्या शेतकऱ्यानं कर्जापायी जीव दिला, त्या घराची माहिती गावोगाव फिरून लिहून आणायची: नाव, गाव, मागे कोण, मुलगी कितवीत. फॉर्म दोन पोत्यांत कोंबलेले, अर्धे वाळवीनं खाल्लेले. पण मशीनवर सगळं नीट होतं. गावाचं नाव टाकलं की पानावर यादी यायची. नागपूरचं एक मुलींचं वसतिगृह शुक्रवारी माणसं पाठवणार होतं. याच यादीतून बारा मुली निवडायच्या आणि जूनपासून त्यांचं शिक्षण करायचं. शुक्रवारी यादी दिसली नाही, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुली घेऊ, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

आणि सोमवारी पान उघडत होतं, पण त्यावर एकही नाव दिसत नव्हतं.

हे पान अश्वजितनं, दीपाच्या मोठ्या भावानं बनवलेलं. यवतमाळला क्लास केला, बाकी पुस्तकांतून आणि सीड्यांतून शिकला. दिवाळीच्या आधी यवतमाळहून परत येताना जीप उलटली आणि तो गेला. पेपरचा एक माणूस वही घेऊन घरी आला होता. "शेती किती होती?" त्यानं विचारलं. शेती नाही, जीप उलटली, असं दीपानं सांगितलं. त्यानं वही मिटली. चहा मात्र पूर्ण प्यायला, तेवढा भला होता.

एप्रिलात व्होल्टेज वाढून अश्वजितचं मशीन जळालं. डिस्क वाचली. यवतमाळच्या हिरासिंगनं, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं, नवं मशीन तयार करून दिलं. पानं दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, त्यात नवा टाकला. जुन्या डिस्कवरचं सगळं दीपानं स्वतः नव्यावर आणलं. नावं आणली, पान आणलं, आणि दादाच्या जुन्या सर्व्हरचा फोल्डरही आणला. त्याची गरज नव्हती. दादाचा होता म्हणून आणला.

पान पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं. सर्व्हरला पीएचपी कळायची तर त्याला एक मॉड्यूल, म्हणजे वेगळा पुरवणी भाग, जोडावं लागतं, आणि ते त्याच मशीनवर कंपाइल करून, म्हणजे त्या सर्व्हरच्या मापानं बांधून, घ्यावं लागतं. दादानं ते करताना दीपानं पाहिलं होतं. कंपाइल करायची त्याची पूर्ण ऑर्डर एका फाइलीत जशीच्या तशी होती. दीपानं तीच दिली. एक अक्षर बदललं नाही.

लाइन, म्हणजे वीज, दोन तास असायची, सहा तास जायची. मॉड्यूल व्हायला चाळीस मिनिटं लागत, आणि यूपीएस दहा मिनिटांत मान टाकायचा. स्क्रीनवर ओळी पळत असताना लाइन गेली की टेबलावर डोकं ठेवायचं, आली की पुन्हा चालू करायचं. मंगळवारी मॉड्यूल झालं. जोडलं, तर सर्व्हर उठेचना. इंग्रजीत एकच ओळ: या मॉड्यूलची रचना भलतीच आहे, हे बहुतेक मॉड्यूलच नसावं. दीपानं सगळं पुसलं आणि दादाची ऑर्डर परत दिली. बुधवारी सकाळी तेच. दुपारी तेच.

"दीपा, काही बदलून पाह्यलं का व?" इंदुताईंनी विचारलं.

"दादानं लिवलं हाय ते, ताई. चुकीचं नसन."

इंदुताई परत आपल्या फॉर्मकडे वळल्या. पोरीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे त्यांना कळत होतं.

गुरुवारी सकाळी दीपानं हिरासिंगला फोन लावला. त्यानं फाइल वाचून दाखवायला सांगितली आणि तिसऱ्याच ओळीला थांबवलं.

"हा पत्ता कोणत्या सर्व्हरचा हाय? जुन्या. तू जुन्याच्या मापानं मॉड्यूल बनवून राह्यली अन् नव्याले लावून राह्यली. कसं बसन? पण जुना त्या मशीनवर आला कुठून? मी तं टाकला नाही."

"म्या आणला."

"कायले?"

दीपानं फोन दुसऱ्या कानाला लावला. हिरासिंगनं ताणलं नाही. "काढून टाक तो, बाई. दोन दोन ठेवशीन तं पुन्हा गोंधळ होईन. अन् ते ओळ बदल. तेवढंच हाय."

लाइन दोनला येणार होती. दीपा जेवायला घरी गेली. अंगणात आई, तुळसाबाई, दादाचे शर्ट उन्हात टाकत होती. चार दिवसांआड ती ते पेटीतून काढायची, ऊन दाखवायची, घडी करून परत ठेवायची. पुण्यानुमोदनाच्या वेळी कपडे देऊन टाका म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तिनं ऐकलं नाही. दोन महिन्यांमागं दीपाच तिच्यावर चिडली होती. "कपडे ठेवून माणूस येते का, आई?" त्यावर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

आज दीपा दारात उभी राहून बघत राहिली. तिला लाज वाटली. कितीतरी महिन्यांत तिला काही वाटलं असेल, तर ते हे. ती खाली बसली आणि निळ्या शर्टाची घडी घालायला लागली. आईनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि दुसरा शर्ट तिच्यापुढे सरकवला.

दोनला लाइन आली. दीपानं जुना फोल्डर उघडला. शेवटच्या फाइलीवरची तारीख तो जायच्या दोन दिवस आधीची होती. तिनं फोल्डर पुसायची आज्ञा दिली. खरंच काढू का, असं मशीननं विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, तिला वाटलं. मग फाइल उघडून तिनं दादाची ती एक ओळ खोडली आणि नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला. पावणेतीनला मॉड्यूल झालं. सर्व्हर पहिल्या फटक्यात उठला. तिनं फुलसावंगी गावाचं नाव टाकलं आणि नावं खाली उतरत गेली. इंदुताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दीपानं पान बंद केलं.

शुक्रवारी वसतिगृहाच्या बाया आल्या, बारा मुली निवडून गेल्या. आठवं नाव फुलसावंगीच्या सोनीबाईच्या नातीचं होतं. सोनीबाई सकाळपासून पायरीवर बसून होती. तिला वाचता येत नव्हतं. दीपानं तिला खुर्ची दिली आणि तिच्या मुलाचं नाव कुठं लिहिलंय ते दाखवलं. सोनीबाईनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग तिनं वळून विचारलं, "तुह्या घरचं कोणी हाय का व, पोरी, यात?"

"नाही," दीपा म्हणाली.

"बरं हाय मंग, बाई," सोनीबाई म्हणाली.

दीपानं मान हलवली. त्यानंतर ती उठली, मागच्या खोलीत फॉर्मच्या पोत्यांजवळ जाऊन बसली, आणि कुणी पाहू नये म्हणून इंदुताईंनी बाहेरून दार ओढून घेतलं.