नुसत्या भाताचे सहा ट्रे

लवू घाडी परळच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं शिपाई होते. आपल्या हाताखाली कोट्यवधी जीव आहेत आणि त्यांतल्या एकानेही कधी रजा मागितलेली नाही, असं ते सांगत.

निवृत्तीच्या वर्षी गिरगावच्या देविकाने पीएचडीसाठी काळाचौकीच्या एका बंद गिरणीतली माती आणली. इंजिनघरामागची, तेलाने काळी पडलेली. लवूंचे वडील त्याच गिरणीत यंत्रांना तेल घालायचे. लवूंनी माती हुंगली. "बाबांच्या शर्टाचो वास," म्हणाले आणि बारा ट्रे पुसायला घेतले.

देविकाने समजावलं, "काका, ह्या मातीतले जीवाणू तेल खाऊन ती साफ करतात. पण तेल म्हणजे त्यांचा नुसता भात. हे खताचं पाणी म्हणजे आमटी. सहा ट्रेंना आमटी, सहांना साधं पाणी. सहा महिन्यांनी फरक दिसला, तर माझा प्रबंध."

"म्हणजे ह्या सहा जणांक नुसतोच भात?"

"नुसताच."

"बरां."

रोज सकाळी लवू माती खालीवर करून पाणी घालत. सहा महिन्यांनी देविकाने तेल मोजलं. बाराही ट्रेंमधलं सारखंच घटलं होतं. तिने पुन्हा मोजलं. मग ती स्टुलावर बसली.

"काका, साध्या पाण्याच्या ट्रेंना काय घातलंत?"

"आमटी," लवू म्हणाले. "एका पंगतीत बसवूचां आणि अर्ध्यांक वाढूचां नाय? चार दिवस केलंय तसां. पाचव्या दिवशी हात वळाक नाय."

"माझे सहा महिने गेले, काका."

"माती साफ झाली ना?"

"झाली. कशामुळे, ते मला सांगता येत नाही."

"आमटीमुळे."

"तेच सिद्ध करायचं होतं."

देविकाला मुदतवाढ मिळाली, सहाच महिन्यांची. गिरणीतून पुन्हा माती आली. महिनाअखेरीस लवू शाल-नारळ घेऊन निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता हजर झाले. चूक ज्याची, त्याने निस्तरायची, एवढंच म्हणाले.

ह्या खेपेला साध्या पाण्याचे ट्रे त्यांनी दुसऱ्या टेबलावर मांडले, पंगतच वेगळी. तिथे मान वळवून पाणी घालत. स्वतःचा डबा जिन्यात बसून खात.

सहा महिन्यांनी फरक दिसला, चांगला ढळढळीत. देविकाने आकडे लिहिले, खाली सही केली, पेनाचं टोपण लावलं. लवू दुसऱ्या टेबलाशी उभे होते.

"मॅडम, झालां ना तुमचां?"

"झालं, काका."

"मग आता वाढू?"

देविकाने खताच्या पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.