मी उठून गेल्यावर वाचलेलं

संस्थान विलीन झालं त्या साली आमच्या चर्चच्या वडीलजनांनी, म्हणजे कारभारी पंचांनी, मला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतून, बंद केलं. कारण काय, तर देवाच्या विसाव्याचा वार मोडून मी रविवारच्या बाजारात कातडी विकली. तक्रार करणाऱ्या वडीलजनांनी त्याच बाजारातून भाजी नेली होती. ते कुणी विचारलं नाही. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

त्याच सुमारास माझ्या चार वर्षांच्या मुलीला विषमज्वर झाला. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओळख नाही. तिकडं चर्चमध्ये पाळक दर रविवारी बायबलातल्या एका संदेष्ट्याचं भाकीत वाचत होते: नगर जळणार, लेकरं मरणार. मला वाटायचं, हे माझ्यावरच चाललंय. मी ताडकन उठून बाहेर पडायचो. बाजारात सौदा अडला की मी असाच उठतो. समोरचा मागून हाक मारतो आणि भाव खाली येतो. इथं कुणी हाक मारली नाही. देवानं पोरीवर निकाल दिला, या भीतीनं घराचं दार ढकलायचं धाडस व्हायचं नाही.

एका संध्याकाळी पाळक प्रार्थनेला घरी आले. मी दारातच भांडलो.

"माझ्या पोरीचं मरण वाचताय व्हय चर्चमदी?"

"अहो, तुम्ही शेवटपर्यंत बसता कधी? आत तरी घ्या."

बसल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. नगराला शत्रूचा वेढा, संदेष्टा कैदेत. नगर पडणार हे त्यानंच सांगितलेलं. आणि तोच तिथं चुलतभावाचं शेत चांदी मोजून विकत घेतो.

"येडं हाय काय त्ये? पडणाऱ्या गावात जमीन?"

"देवानंच घ्यायला लावली. लोक परत येणार, कसणार म्हणून."

 व्यवहार मला कळतो. ज्याला गाव कायमचं मोडायचंय, तो आपल्या माणसाला तिथं जमीन घ्यायला लावत नाही. पण नगर पडलंच, हेही पाळकांनी लपवलं नाही. त्यामुळं भीती गेली नाही.

ते गेल्यावर मी चामड्याचा तुकडा काढला, मुलीचं तापलेलं पाऊल त्यावर टेकवलं आणि बोटभर जागा सोडून खडूनं रेघ ओढली.

"एवढं मोठं कुणाला?" बायकोनं विचारलं.

"फुडल्या वर्साला हिला चपला नकोत व्हय?"

 ताप पुढं बरेच दिवस राहिला आणि मग उतरला. पण त्या संध्याकाळी हे कुठं ठाऊक होतं? मी कातडं कापायची रापी घेऊन रेघेवरून चालवायला लागलो आणि बायकोनं चामडं दोन्ही हातांनी दाबून धरलं.